मतभेद चालतील, मनभेद नकोत

अंधेरीच्या सीप्झमध्ये १९७३ पासून इलेक्ट्रॉनिक्स आणि पुढे सॉफ्टवेअर, दागिने यांचे उद्योग उभे राहिले. अशा ठिकाणी एकाच गटात भाषा, प्रांत, वय आणि शिक्षण यांची सरमिसळ असते. ही विविधता कामाला पोषक ठरते की तंट्याला, हे भेद कशातला आहे यावर अवलंबून असते.

कॅरन जेन, ग्रेगरी नॉर्थक्राफ्ट व मार्गारेट नील यांनी ९२ कार्यगटांचा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध केला. ज्ञान व अनुभव वेगळा असलेल्या गटांत कामाविषयी वाद झाले, पण त्यातून कामगिरी सुधारली. मूल्ये आणि उद्दिष्टे न जुळणाऱ्या गटांत मात्र कलह वाढला. तथापि, प्रत्येक वाद हितकारक नसतो. डी ड्र्यू व वाइनगार्ट यांनी २००३ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा कामावरून होणारे वादही सरासरीने कामगिरीला बाधक आढळले. वाद वैयक्तिक पातळीवर उतरला की हानी अधिक होते.

उपनगरांतील घरोघरचे डबे उचलणारे डबेवाले हे याच्या उलट उदाहरण. बहुतेक जण मावळ, मुळशी, जुन्नर, आंबेगाव परिसरातील. बोली एक, वारकरी परंपरा एक. काम रोजचे, ठरलेले आणि घड्याळाशी बांधलेले असल्याने तेथे एकजिनसीपणाच बळ देतो.

नवे शोधायचे असेल तेथे मात्र भिन्न अनुभवाची माणसे हवीत. त्यांना उद्दिष्ट समान आणि बोलण्याची मुभा सर्वांना, एवढे सांभाळणे गटप्रमुखाच्या हाती असते.