निजामाचे शेवटचे सेनापती

शाळेत होतो तोवर दरवर्षी १७ सप्टेंबरला झेंडावंदन झाले, की मुलांना मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या चार गोष्टी सांगायचे काम बहुधा माझ्याकडेच येई. स्वामी रामानंद तीर्थ, सरदार पटेल, रझाकार, कासिम रझवी ही नावे मुलांना पाठ असत. पण हैदराबाद संस्थानाला रझाकारांहून वेगळी, रीतसर फौज होती, तिला सेनापती होते आणि शेवटी शस्त्रे खाली ठेवली ती त्यांनीच, हे फारसे कुणाला ठाऊक नसे. मेजर जनरल सय्यद अहमद अल इद्रूस हे त्यांचे नाव. आज त्यांच्याविषयी लिहावे म्हणतो.

आधी आपल्या गावाचा संबंध सांगतो, म्हणजे बाहेरगावच्या नातवंडांना संदर्भ लागेल. किनवट तेव्हा नांदेड जिल्ह्यात नव्हते. ते हैदराबाद संस्थानाच्या आदिलाबाद जिल्ह्यात होते. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत ते नांदेडला जोडले गेले. पैनगंगेच्या अलीकडे निजामाचा अंमल आणि पलीकडे वऱ्हाड, म्हणजे स्वतंत्र भारत. १५ ऑगस्ट १९४७ ला नदीपलीकडे तिरंगा लागला, अलीकडे लागायला आणखी तेरा महिने गेले. त्या तेरा महिन्यांत आपल्या मुलखावर ज्यांची सत्ता होती, त्यांच्या फौजेचे प्रमुख हे अल इद्रूस.

त्यांचा जन्म १८९९ चा. घराणे मूळचे अरबस्तानातल्या हद्रामौतचे. हैदराबादच्या फौजेत अरबांची भरती फार जुनी, हैदराबादेतली बारकस ही वस्ती आजही त्याची साक्ष देते. पहिल्या महायुद्धात हैदराबाद लान्सर्स हे घोडदळ इंग्रजांच्या बाजूने इजिप्त-पॅलेस्टाईनच्या आघाडीवर गेले होते, त्यात तरुण इद्रूस होते. जोधपूर, म्हैसूर आणि हैदराबाद या तीन संस्थानांच्या घोडदळांचे स्मारक म्हणजे दिल्लीतली तीन मूर्ती. दिल्लीला गेलात तर त्या तीन पुतळ्यांपैकी एक आपल्या जुन्या राज्याचा आहे एवढे लक्षात ठेवा. पुढे एकेक पायरी चढत इद्रूस संस्थानी फौजेचे प्रमुख झाले.

थोडक्यात, तो माणूस पेशाने सैनिक. रझवी हा मूळचा वकील, आणि वकिली करायचा ती आपल्या लातुरात. सभेत तलवारीची भाषा करणे त्याला सोपे होते. सेनापतीला मात्र नकाशा आणि गोळाबारूद मोजावे लागते. ते मोजले तर काय दिसत होते? राज्याला समुद्र नाही, चारी बाजूंनी भारत. फौज सुमारे २२,००० ची, तीही भल्यामोठ्या प्रदेशावर विखुरलेली. रणगाडे नाहीत, लढाऊ विमाने नाहीत. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्री चोरून शस्त्रे आणत असे, पण विमानातून येऊन येऊन येणार किती? रझाकारांची संख्या दोन लाखांपर्यंत सांगितली जाई. पण निःशस्त्र खेड्यावर चालून जाणे निराळे आणि रणगाड्यासमोर उभे राहणे निराळे.

१३ सप्टेंबर १९४८ ला पहाटे भारतीय सैन्य आत शिरले. मुख्य फळी सोलापूरकडून. पहिल्याच दिवशी नळदुर्ग पडला. पूर्वेकडून दुसरी फौज विजयवाड्याच्या रस्त्याने निघाली. औरंगाबाद, जालना दोन-तीन दिवसांत हातात आले. १७ तारखेला लायक अली यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि संध्याकाळी निजामाने रेडिओवरून युद्ध थांबवल्याचे जाहीर केले. आपण दिन साजरा करतो तो या तारखेचा. पण फौजेची प्रत्यक्ष शरणागती झाली ती दुसऱ्या दिवशी, १८ तारखेला दुपारी चारच्या सुमारास, हैदराबाद शहराबाहेर रस्त्यावर.

समोर होते मेजर जनरल जयंतनाथ चौधरी. हेच पुढे गोवा मुक्तीच्या वेळी दक्षिण विभागाचे प्रमुख आणि १९६५ च्या युद्धात भारताचे लष्करप्रमुख होते. इद्रूस मोटारीतून उतरले, सलाम झाला. आपल्याला तुमच्या फौजेची शरणागती घ्यायचा हुकूम आहे, असे चौधरींनी सांगितले. इद्रूस यांनी ती दिली. ही शरणागती बिनशर्त आहे, हे चौधरींनी स्पष्ट केले, तेही त्यांनी मान्य केले. मग दोघांनी सिगारेटी पेटवल्या. झाले! सव्वादोनशे वर्षांची आसफजाही काही मिनिटांत संपली. दोघेही इंग्रजी लष्करी शिस्तीत वाढलेले, म्हणून त्या भेटीत ना उन्माद दिसतो, ना रडारड.

मग इद्रूस यांना काय म्हणायचे? लायक अलींनी पुढे पुस्तक लिहून पराभवाचे खापर बरेचसे या सेनापतीवर फोडले. आणि आपल्या बाजूने पाहिले तर ते निजामाचेच चाकर. म्हणजे दोन्हीकडून दोष.

इथे मला युरोपातला एक सेनापती आठवतो. इतिहास शिकवताना नेपोलियनचा धडा आला की मी त्याची गोष्ट सांगत असे. प्रशियाचा जनरल यॉर्क. १८१२ साली प्रशियाच्या राजाला नाइलाजाने नेपोलियनच्या रशियावरील स्वारीत सैन्य द्यावे लागले, त्याचा प्रमुख हा. नेपोलियनची दाणादाण उडाल्यावर ३० डिसेंबर १८१२ ला यॉर्कने राजाला न विचारताच रशियनांशी करार केला आणि आपले सैन्य लढाईतून काढून घेतले. राजाने आधी करार नाकारला. पण मार्च १८१३ मध्ये प्रशियाने स्वतःच फ्रान्सविरुद्ध युद्ध पुकारले आणि यॉर्क देशभक्त ठरला, पुढे फील्डमार्शलही झाला.

इद्रूस यांनी तसे केले नाही. धन्याने लढा म्हटले तोवर ते लढले, थांबा म्हटल्यावर थांबले. रझाकार खेडी जाळत होते तेव्हा या सेनापतीने यॉर्कसारखे स्वतःच्या जबाबदारीवर पाऊल उचलायला हवे होते, असे मला वाटते. रीतसर फौज हाताशी असताना सशस्त्र टोळ्या मोकाट सुटू द्यायच्या, ही गोष्ट निष्ठेच्या नावाखाली झाकली जात नाही. पण शेवटच्या दिवशी त्यांनी राजधानीत गल्लोगल्ली लढाई होऊ दिली नाही, हेही तितकेच खरे. हट्ट धरला असता तर हैदराबाद शहराची काय दशा झाली असती, कल्पना करा.

आणखी एक गोष्ट, सांगायला जड जाते पण सांगितली पाहिजे. सेनापतीने शस्त्र ठेवले म्हणजे हिंसा संपते असे नाही. रझाकारांनी हिंदूंवर केलेले अत्याचार आपण पिढ्यान् पिढ्या ऐकत आलो, आणि ते खरे आहेत. पण पोलीस ॲक्शननंतर सूड म्हणून निरपराध मुसलमानही मारले गेले. भारत सरकारनेच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज २७,००० ते ४०,००० असा दिला. सर्वाधिक झळ लागलेल्या चार जिल्ह्यांत तेव्हाचे उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर यांच्या जोडीला आपले नांदेडही होते. शेजाऱ्यांना जीव धोक्यात घालून वाचवणारे हिंदूही समितीला भेटले. हा अहवाल लोकांना वाचायला मिळाला तो थेट २०१३ साली. मुक्तिसंग्रामाचे मोल याने कमी होत नाही. उलट स्वामीजींनी धर्माविरुद्ध नव्हे, जुलमी राजवटीविरुद्ध लढा उभारला होता, ते का महत्त्वाचे होते हे अधिक कळते.

पुढे कुणाचे काय झाले पाहा. निजाम १९५० मध्ये राजप्रमुख झाले. लायक अली नजरकैदेतून निसटून पाकिस्तानात गेले. रझवी १९५७ मध्ये तुरुंगातून सुटला आणि तोही तिकडेच गेला. इद्रूस यांचा अखेरचा काळ बंगळूरला गेला, तिथेच १९६२ मध्ये ते वारले. त्यांचे आत्मकथन पुस्तकरूपाने यायला १९९४ उजाडले. सात भाकरींचे हैदराबाद, अशा अर्थाचे त्याचे इंग्रजी नाव आहे. पहिल्या निजामाने एका अवलियाकडे सात कुलचे खाल्ले, म्हणून त्याच्या घराण्याच्या सात पिढ्या राज्य करतील असा आशीर्वाद मिळाला, अशी दंतकथा आहे. सातव्या निजामाबरोबर ते राज्य संपले. शेवटच्या भाकरीचा हिशेब या सेनापतीला द्यावा लागला.

असो. इद्रूस यांना नायक करा असे माझे म्हणणे नाही. पण हरलेल्या बाजूचीही माणसे नावानिशी ठाऊक असावीत, म्हणजे आपण कुणाशी आणि कशासाठी लढलो हे नीट समजते. आपल्या घराण्यातल्या ज्येष्ठांकडून त्या तेरा महिन्यांतले जे काही ऐकले असेल, ते तारखेसकट, गावासकट वहीत उतरवून ठेवा. सांगणारे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत.