आजोबांनीं घालविलेला तलाव

घराण्याचे इतिहास लिहिणारे बहुधा पराक्रम पूर्वजांचा आणि नाश वंशजांचा, अशी वांटणी करून मोकळे होतात. आमच्या घरींही तेंच झालें. पणजोबांनीं तलावाची पाळ बांधली, आजोबांनीं तलाव घालविला, हें वाक्य आम्ही लहानपणीं इतक्या वेळां ऐकलें कीं, तें पारखून पाहण्याचें कधीं सुचलेंच नाहीं.

भंडारा-गोंदियाकडील कोहळी मंडळींची तलाव बांधण्याविषयींची ख्याति मोठी. नवेगांवबांधचा तलाव कोलू पाटलाचा म्हणून सांगतात; तोच पुढें कोलासुर होऊन पूजला गेला. परंतु गोंड राजवटींत तलाव बांधणाऱ्यास जमीन मिळे, हें विसरून कसें चालेल? इंग्रजी अमलांत मालगुजारी आली आणि पाटलाचा मालक झाला. १९५० च्या कायद्यानें ती मालकी संपली. १९५१ सालीं गांवें व त्यांबरोबर बहुतेक मालगुजारी तलाव सरकारकडे गेले.

आजोबांच्या हातीं तेव्हां काय उरलें होतें? पूर्वीं उन्हाळ्यांत गांव गाळ काढावयास येई, तें त्यांच्या शब्दाखातर. शब्दामागील हक्क गेल्यावर कोण येणार? तें येणेंही सर्वस्वीं राजीखुषीचें नसावें, असें आतां आम्हांस वाटतें. मातीच्या टोपल्या वाहणाऱ्यांचीं नांवें आमच्या वंशावळींत नाहींत. घरांतील स्त्रियांचींही नाहींत.

त्याच वंशावळींत आजोबांच्या नांवापुढें चुलत्यांनीं ‘आळशी’ असा शेरा मारला होता. तो आम्ही खोडला आणि तेथें १९५१ हा आंकडा घातला.