आग्नेयेकडे तोंड करून

१९८० चा जुलै, बुधवारची रात्र. दिवसभर बांध्यांमध्ये रोवणी करून तुम्ही आता भंडारा जिल्ह्यातल्या करडी गावात एका सपरीत बसला आहात. पायांच्या बोटांत अजून चिखल आहे. कोनाड्यातल्या रेडिओची काडी पूर्ण ओढलेली, आणि घरातला मोठा मुलगा एक डोळा बारीक करून काटा केसभर इकडे, केसभर तिकडे करतोय. आठ वाजले की सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’. अमीन सायानींचा आवाज लाटेसारखा येतो, मोठा होतो आणि गाण्याचा नंबर सांगायची वेळ आली की नेमका बुडतो.

शॉर्टवेव्ह अशीच वागते. ती थेट येत नाही, वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावर आपटून खाली येते, आणि तो थर एका जागी ठरत नाही. नागपूरचं तसं नाही. ५८५ किलोहर्ट्झवरची आकाशवाणी दिवसा जमिनीला धरून भंडारा जिल्ह्यात खणखणीत पोचते. अंधार पडला की मात्र लांबलांबची केंद्रं आकाशातून परतून तिच्या शेजारी येऊन बसतात, आणि त्यात पावसाळ्याची वीज.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हे तुम्ही स्वतः ऐकाल. शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात कृषितज्ज्ञ धानावरच्या गादमाशीबद्दल बोलतायत. कीड कशी ओळखायची ते झालं, फवारणी केव्हा करायची तेही झालं, आणि औषधाचं नाव येतं तोच मुंढरीच्या बाजूला वीज चमकते. कडाड्! रेडिओतून फक्त खरखर. सपरीतला म्हातारा शांतपणे विचारतो, “का म्हनला गा?” कुणालाच सांगता येत नाही. मुंबईतल्या ऐकणाऱ्याचं गाणं हुकत असेल. इथे हंगामाचा सल्ला हुकला. रेडिओच्या तंत्राबद्दल बोलताना हा फरक मला कधी विसरता आला नाही.

आता वीस वर्षं पुढे या. २२ मार्च २००० ची पहाट, पाच वाजायला आलेत. होळी नुकतीच झालीय. बाया टोपल्या घेऊन मोहफुलं वेचायला निघाल्यात, तुम्हीही त्यांच्या मागे झाडाखाली वाकला आहात. मोहाचा ओलसर, गोड, जरा डोक्यात चढणारा वास. याच वेळी पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला, फ्रेंच गयानातल्या कुरूमध्ये २१ तारखेची रात्र आहे आणि एरियान-५ अग्निबाण उडतोय. त्याच्या पोटात दोन उपग्रह आहेत. एक आपल्या इस्रोचा इन्सॅट-३बी. दुसरा एशियास्टार, वर्ल्डस्पेस या कंपनीचा, खास रेडिओसाठी बांधलेला. सरकारी आणि खाजगी, दोघे एकाच बाणावर बसून वर गेले.

वर्ल्डस्पेस उभी केली ती इथिओपियात जन्मलेल्या नोआ समारांनी, १९९० साली. आफ्रिकेत एड्सची माहिती लोकांपर्यंत पोचत नाही, या अस्वस्थतेतून त्यांना ही कल्पना सुचली. जिथे मनोरे उभारायला पैसा नाही, तिथे ३६ हजार किलोमीटरवरून एकच मनोरा सगळ्यांना पुरेल. १९९८ मध्ये आफ्रिकेसाठी आफ्रिस्टार गेला, आता आशियासाठी हा. कल्पनेचा जन्म व्यापारातून नव्हे, कळकळीतून झाला, हे नोंदवायला हवं.

२००६ चा ऑगस्ट. नागपुरात नोकरी करणारा एक पुतण्या सुटीत करडीला आलाय आणि त्याने वर्ल्डस्पेसचा संच आणलाय. तुम्ही त्याच्यासोबत गच्चीवर चढा. संचाला काडी नाही, आहे ती तळहाताएवढी चपटी चौकोनी पाटी, तारेने जोडलेली. आजी खालून विचारतात, “हा कोनता रेडिओ होय गा बाबू? याले काडी काहून नाही?”

एशियास्टार विषुववृत्तावर, १०५ अंश पूर्व रेखांशावर उभा आहे. करडीतून तो आग्नेयेला पडतो, क्षितिज आणि माथा यांच्या मध्याहून थोडा वर. तुम्ही पाटी आग्नेयेकडे वळवता. मध्ये आंब्याची फांदी येते, सिग्नलची पट्टी अर्ध्यावरच अडते. दोन पावलं डावीकडे सरका. पट्टी भरते, आणि गच्चीवर एकदम सारंगी वाजू लागते.

खरखर नाही, लाट नाही. गायकाने घेतलेला श्वास ऐकू येतो. वाहिनीचं नाव ‘गंधर्व’, दिवसरात्र हिंदुस्थानी शास्त्रीय संगीत. पुढचं बटण दाबलं की जुन्या हिंदी गाण्यांची ‘फरिश्ता’, मग गझलांची ‘फलक’, मग कर्नाटक संगीताची ‘श्रुती’. पडद्यावर वाहिनीचं नाव उमटतं, काटा शोधत बसावं लागत नाही. जाहिराती जवळजवळ नाहीतच, कारण ऐकणारा वर्षाची वर्गणी भरतो. ए. आर. रहमान यांची सिग्नेचर ट्यून याच सेवेसाठी बांधलेली.

एवढ्यात आभाळ फुटतं. तुम्ही पाटी खिडकीच्या कठड्यावर ठेवून आत पळता, आणि सारंगी चालूच राहते. मला या सेवेचं सगळ्यात मोठं मोल इथे दिसतं. तिच्या लहरी १,४६७ ते १,४९२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातल्या, एल-बँडच्या. या लहरींना पाऊस फारसा अडवत नाही आणि विजेच्या कडकडाटाचं त्यांना काही वाटत नाही. आवाज आकड्यांच्या रूपात येतो, वाटेत थोडंफार गळलं तर संच ते हिशेबाने भरून काढतो. एमपी-३ च्या घराण्यातल्याच तंत्राने तो आवळलेला असतो, म्हणून एका उपग्रहावर कितीतरी वाहिन्या मावतात. सेलवर चालणारे संचही निघाले होते. मुंबईच्या मलबार हिलवर जो आवाज, तोच धानाच्या धुऱ्यावर. केंद्रापासून किती लांब राहता, हा प्रश्नच संपला.

आजी थोडा वेळ ऐकतात आणि विचारतात, “धानाचा भाव सांगते का हा?”

नाही सांगत. वर्गणी शहरातला रसिक भरत होता, म्हणून वाहिन्याही त्याच्याच आवडीच्या झाल्या. अमेरिकेत उपग्रह रेडिओ मोटारींत बसवला गेला आणि लांबच्या रस्त्यांवर टिकला. आपल्याकडे तो मोटारीत पोचला नाही, शेतातही नाही. ऑक्टोबर २००८ मध्ये कंपनीने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला. ३१ डिसेंबर २००९ ला भारतातली सेवा बंद. त्या रात्री पुतण्याच्या संचाजवळ थांबायची गरज नाही. दुसरं काहीच न पकडणारा तो संच पुढे कशाच्याही कामाचा उरला नाही. ज्यांनी प्रेमाने पैसे मोजले होते, त्यांच्यावर हा अन्याय झाला असं मी आजही मानतो.

२६ जानेवारी २०१६. करडीतलं तेच घर, पण गच्चीवर आता पत्र्याची गोल डिश आहे, तीही आग्नेयेकडेच तोंड करून. डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनने डीडी डायरेक्ट प्लस सुरू केलं. पुढे त्याचं नाव डीडी फ्री डिश झालं. एकदा डिश आणि डबा घेतला की महिन्याचा खर्च नाही. लोक चित्र बघायला डिश लावतात, पण वाहिन्यांची यादी खाली खाली नेत गेलात तर आकाशवाणी सापडते: विविध भारती, मराठी, आणि आजपासून शास्त्रीय संगीताची ‘रागम’. टीव्हीचा पडदा निळा, आवाज स्वच्छ. आजींची नात अभ्यास करता करता ऐकतेय, एक पैसा वर्गणी न भरता. वर्ल्डस्पेसने जे मोजक्यांना दिलं, ते सार्वजनिक सेवेने गावच्या प्रत्येक डिशवाल्याला दिलं, आणि ते टिकलं. याचा गाजावाजा व्हायला हवा होता.

उणीव मात्र आहे. हा रेडिओ टीव्हीला बांधलेला. तो बांधीत नेता येत नाही, वीज गेली की गप्प होतो. शिवाय डिशच्या लहरी केयू-बँडच्या, मुसळधार पाऊस त्यांना पिऊन टाकतो. ज्या घटकेला बातमी हवी, त्याच घटकेला पडदा काळा.

शेवटचा मुक्काम, ऑगस्ट २०२० ची अखेर. मध्य प्रदेशात धो धो पाऊस झालाय, तिथल्या संजय सरोवर धरणाचं पाणी सोडलंय आणि वैनगंगा भंडारा जिल्ह्यात पसरलीय. तुम्ही नदीकाठच्या एका उंच ओट्यावर उभे आहात. वीज नाही, मोबाइलची बॅटरी लाल झालेली. पोती वर चढवायची की गुरं सोडायची, हे पाणी अजून किती चढणार त्यावर ठरणार आहे. आणि ते पाणी शेजारच्या राज्यातून निघालेलं आहे, म्हणजे इथे पोचण्याआधी काही तास हातात होते. तेवढी खबर देण्यासाठी चित्र लागत नाही, गाणं लागत नाही. वर्ल्डस्पेसच्या उपग्रहावर सगळ्यात लहान वाहिनी सेकंदाला १६ किलोबिटची असायची. धरणाचे किती दरवाजे उघडले, पाणी केव्हा कुठे पोचेल, कोणत्या गावांनी हलायचं, हे मराठीत पुन्हा पुन्हा सांगायला तशी एक वाहिनी आणि सेलवर चालणारा एक संच पुरला असता.