कॉलेजचा इतिहास लिहायचाय? आधी नकाशा बघा

समजा, तुम्हाला जवळा बाजार परिसरातल्या एखाद्या महाविद्यालयाचा इतिहास लिहायचाय. जुने कागद कुठे शोधाल? 'हिंगोलीला' असं उत्तर चटकन येतं. पण हिंगोली जिल्हाच १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झाला. त्याआधीच्या फाइलींवर 'जिल्हा परभणी' असणार.

विद्यापीठाचंही तेच. आज हा भाग नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात येतो, पण ते सप्टेंबर १९९४ मध्ये सुरू झालं. तोवर संलग्नता औरंगाबादच्या विद्यापीठाची. तेही १९५८ चं. त्याचा नामविस्तार १४ जानेवारी १९९४ ला झाला. म्हणजे १९९३ ला पदवी घेतलेल्याच्या प्रमाणपत्रावर नुसतं 'मराठवाडा विद्यापीठ' दिसेल. गोंधळू नका.

आता अजून मागे चला. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तिथलं उस्मानिया विद्यापीठ १९१८ चं, आणि शिकवण्याची भाषा उर्दू. इथल्या शेतकऱ्याच्या पोरापुढे अंतर, खर्च आणि भाषा, अशा तीन भिंती होत्या. मग १९५० मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज उभं राहिलं. त्याच वर्षी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं औरंगाबादला कॉलेज काढलं, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झालं. नंतर तालुक्याच्या गावांपर्यंत कॉलेजं आली.

म्हणून माझं म्हणणं असं की, कॉलेजचा इतिहास म्हणजे स्थापनेची तारीख आणि संस्थापकांचे फोटो एवढाच नव्हे. ते आल्यानं अंतर किती कमी झालं आणि कुणासाठी, हा खरा प्रश्न. सकाळी एसटीनं जाऊन संध्याकाळी घरी येता येतं, एवढ्यावरच कितीतरी मुलींचं पुढचं शिक्षण ठरतं.

याचं उत्तर स्मरणिकेत मिळेलच असं नाही. प्रवेश रजिस्टर मागा. गाव, आधीची शाळा, कॉलेज सोडल्याची तारीख या नोंदी वर्षवार मांडा. दर वर्षी किती मुली आल्या, कोणत्या गावांहून, आणि मध्येच किती गळाल्या, ते दिसेल. नावं मात्र प्रबंधात छापू नका. सोबत निवृत्त प्राध्यापक, कारकून, शिपाई यांच्याशी बोला; रजिस्टरात नसलेलं कारण बऱ्याचदा त्यांना ठाऊक असतं.

आणि हे काम पुढच्या सुट्टीवर ढकलू नका. रजिस्टरांना वाळवी लागते, माणसं थकतात.