सर्कशीची चाल आणि बेंजोचें कुळ

भिवंडीच्या आसपासच्या आगरी गांवांत हळदीचा समारंभ निघाला कीं बेंजोचा तीक्ष्ण नाद दूरवर ऐकूं येतो. सुशिक्षित मंडळी तो ऐकून कपाळास आठ्या घालतात. सर्कशीच्या बँडविषयींही त्यांचें मत याहून निराळें नसतें. परंतु या दोहोंची कुळकथा ऐकण्यासारखी आहे. ती येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

सर्कशीची म्हणून जगभर ओळखली जाणारी चाल मुळांत सर्कशीची नव्हेच. ज्युलिअस फुचिक या झेक संगीतकारानें ती १८९७ सालीं लष्करी कूचासाठीं रचिली. हा गृहस्थ ड्वोरझाकचा शिष्य आणि ऑस्ट्रियन फौजेंतील बँडमास्तर. प्राचीन रोमच्या इतिहासाची त्यास आवड. म्हणून त्यानें चालीस ‘ग्लॅडिएटरांचा प्रवेश’ असें नांव दिलें. पुढें अमेरिकेंतील सर्कसवाल्यांनीं ती उचलली, आणि योद्ध्यांसाठीं रचिलेल्या चालीवर विदूषक रिंगणांत उतरूं लागले!

बेंजोचेंही तसेंच. खरा बँजो म्हणजे आफ्रिकेंतून गुलाम म्हणून अमेरिकेंत नेलेल्या लोकांनीं घडविलेलें, कातडें मढविलेलें वाद्य. आमच्या बेंजोस कातडें नाहीं. त्याचा पूर्वज जपानी ‘ताइशोगोतो’. नागोया येथील गोरो मोरिता यांनीं १९१२ च्या सुमारास टंकयंत्रासारख्या कळा तारांवर बसवून तो निर्मिला. आपल्याकडे येतांच तो बुलबुलतरंग झाला, आणि वीज जोडून मिरवणुकींत निघाला तेव्हां बेंजो म्हणविला जाऊं लागला. नांव एकाचें, कुळ दुसऱ्याचें!

आतां ही चाल या वाद्यावर वाजविली तर काय होईल? चालीची सारी गंमत शुद्ध व विकृत स्वर लागोपाठ घरंगळत येण्यांत आहे. बेंजोवर बाराही स्वरांस स्वतंत्र कळ असल्यामुळें ती घसरण बोटांत सहज बसते. पितळी वाद्यांचा लांब श्वास मात्र तारेस नाहीं. तेथें नखीचे जलद आघात करून स्वर जिवंत ठेवावा लागतो. साथीच्या सुट्या तारा एकाच स्वरांत गुंजत राहतात. त्या अशा चंचल चालींत आवरून धराव्या लागतात. हें येरागबाळ्याचें काम नव्हे.

सर्कस हलकी आणि मैफल थोर, असा भेद मानणाऱ्यांनीं विष्णुपंत छत्रे यांचें स्मरण करावें. ही चाल जन्मास येण्यापूर्वींच, १८८० च्या सुमारास, त्यांनीं पहिली हिंदी सर्कस उभारिली. ग्वाल्हेरीस ते अश्वविद्या शिकले, आणि तेथेंच हद्दूखांपाशीं गायनही. हद्दूखांचे पुत्र रहिमतखां यांस त्यांनींच आश्रय दिला व सर्कशीच्या दौऱ्यांत बरोबर नेऊन त्यांचें गाणें लोकांपुढें आणिलें. एकाच गृहस्थाच्या पदरीं घोडे नाचत होते आणि ख्याल रंगत होता. त्यांत त्यांस कमीपणा वाटला नाहीं.

कानठळ्या बसविणाऱ्या कर्ण्यांची तक्रार रास्त आहे. पण तो दोष कर्ण्यांचा, कलेचा नव्हे. हळदीच्या सुपारीसाठीं घासाघीस करणारे आपण, वाजविणाऱ्याच्या बोटांकडे क्वचितच पाहतों. चाल फौजेंतून आली कीं तंबूंतून, वाद्य जपानचें कीं आणखी कोठलें, हें कुळ जाणून घेण्यांत आनंद आहे. परंतु किंमत ठरवितांना कुळ विचारूं नये, हात पाहावा.