घरगुती वायफाय राउटर

घरगुती वायफाय राउटर हे घरात आलेली एकच इंटरनेट जोडणी मोबाइल, संगणक, दूरचित्रवाणी संच अशा अनेक उपकरणांना बिनतारी पद्धतीने वाटून देणारे उपकरण आहे. आलेली माहिती कोणत्या उपकरणाकडे पाठवायची, हे राउटर ठरवतो. फायबर जोडणीत प्रकाशरूपी संकेताचे विद्युत संकेतात रूपांतर करणाऱ्या संचास ओएनटी म्हणतात. अनेक सेवादात्यांच्या ओएनटीमध्येच वायफायची सोय असते. ती पुरेशी असल्यास निराळा राउटर घ्यावा लागत नाही.

मानके

वायफायची तांत्रिक मानके आयईईई ही अभियंत्यांची आंतरराष्ट्रीय संस्था ८०२.११ या मालिकेत निश्चित करते. १९९७ मधील पहिल्या मानकाचा कमाल वेग २ मेगाबिट प्रतिसेकंद होता. ग्राहकांना पिढ्या ओळखता याव्यात म्हणून वायफाय अलायन्स या संस्थेने २०१८ मध्ये सोपे क्रमांक रूढ केले.

• वायफाय ४ (८०२.११एन, २००९) : २.४ व ५ गिगाहर्ट्झ पट्टे; सैद्धांतिक कमाल वेग ६०० मेगाबिट.
• वायफाय ५ (८०२.११एसी, २०१३) : केवळ ५ गिगाहर्ट्झ पट्टा.
• वायफाय ६ (८०२.११एएक्स, २०२१) : दोन्ही पट्टे; एकाच वेळी अनेक उपकरणे हाताळण्याची अधिक क्षमता. हेच मानक ६ गिगाहर्ट्झ पट्ट्यात वापरल्यास त्यास वायफाय ६ई म्हणतात.
• वायफाय ७ (८०२.११बीई) : या पिढीच्या उपकरणांचे प्रमाणीकरण जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाले.

नवा राउटर सामान्यतः जुन्या मोबाइललाही जोडता येतो. परंतु त्या जोडणीचा वेग मोबाइलच्या क्षमतेपलीकडे जात नाही.

वारंवारता पट्टे

भारतात २.४ गिगाहर्ट्झ पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला. ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील परवानामुक्त वापराची व्याप्ती २०१८ मध्ये वाढवण्यात आली. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतींतून अधिक दूर पोहोचतात; मात्र शेजारचे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह भट्टी यांचा त्यांना अडथळा होतो. ५ गिगाहर्ट्झवर वेग अधिक मिळतो, पण पल्ला कमी असतो. त्यामुळे रामटेकसारख्या गावातील जाड भिंतींच्या जुन्या घरात केवळ अधिक वेगाचा राउटर घेऊन मागच्या खोलीतील अडचण सुटतेच असे नाही.

निवडीचे निकष

घरातील प्रत्यक्ष वेग हा इंटरनेट योजना, राउटर आणि वापरातील उपकरण यांपैकी सर्वांत मंद घटकावर अवलंबून असतो. खोक्यावरील आकडा बहुधा दोन्ही पट्ट्यांच्या सैद्धांतिक वेगांची बेरीज असतो. उदाहरणार्थ, ‘एसी १२००’ म्हणजे साधारण ३०० आणि ८६७ मेगाबिट यांची बेरीज. एका मोबाइलला एवढा वेग मिळत नाही. असे लिहिलेल्या काही स्वस्त राउटरांचे तारेचे पोर्ट १०० मेगाबिटचेच असतात. त्यामुळे त्याहून वेगवान योजना घेतलेल्या ग्राहकास गिगाबिट पोर्ट आवश्यक ठरतो. १०० मेगाबिटपर्यंतच्या योजनेसाठी लहान कुटुंबास दोन्ही पट्ट्यांचा वायफाय ५ राउटर सहसा पुरतो. उपकरणे अधिक असल्यास वायफाय ६ उपयुक्त ठरते.

मांडणी व वीजपुरवठा

राउटर शक्यतो घराच्या मध्यभागी, उंचावर आणि लोखंडी कपाटापासून दूर ठेवला जातो. दूरच्या खोलीसाठी तारेने जोडलेला दुसरा राउटर किंवा मेश संच वापरता येतो. वीज गेल्यावर ओएनटी आणि राउटर दोन्ही बंद पडत असल्याने भारनियमनाच्या भागात दोहोंना छोट्या यूपीएसची जोड द्यावी लागते. त्याचा व्होल्टेज उपकरणांच्या अडॅप्टरशी जुळणे आवश्यक असते.

सुरक्षितता

जुलै २००८ मध्ये अहमदाबाद बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटे आधी पाठवलेला ई-मेल नवी मुंबईतील एका रहिवाशाच्या वायफाय जोडणीवरून गेल्याचे तपासात आढळले. उघड्या जोडणीचा परका मनुष्य गैरवापर करू शकतो आणि चौकशी मात्र प्रथम जोडणीधारकाच्या दारी येते, हे त्यातून स्पष्ट झाले. दूरसंचार विभागाने २००९ मध्ये वायफाय जोडण्या सुरक्षित करण्याविषयी सूचना काढल्या. राउटरमध्ये डब्ल्यूपीए२ किंवा २०१८ मध्ये आलेली डब्ल्यूपीए३ सुरक्षा पद्धत निवडणे आणि कंपनीने दिलेला मूळ पासवर्ड बदलणे हे प्राथमिक उपाय होत. ज्या राउटरसाठी उत्पादकाने सॉफ्टवेअरची अद्यतने देणे थांबवले आहे, तो स्वस्त मिळाला तरी असुरक्षित ठरू शकतो.