आत्याची रविवारची गोळी

मागच्या रविवारी कळंबला आत्याकडे होतो. (मंचर सोडून नाशिककडे निघालं की लागतं ते, आंबेगाव तालुक्यातलं.) सकाळी सहाला तिने हाडांची गोळी चहाबरोबर घेतली आणि परत आडवी झाली.

"छातीत जळतं रे हिनं. बंदच करते आता. अन् दाढ काढायचीय, ते वेगळंच."

गेल्या वर्षी अंगणात घसरून तिचं मनगट मोडलं, तेव्हापासून आठवड्याला एक अ‍ॅलेन्ड्रोनेट. मी तिला उठवून बसवलं आणि खोक्यातला कागद वाचला. मंडळी, त्या सूचना म्हणजे जुन्या कोडमधल्या 'ही ओळ काढू नका' छाप कॉमेंट्स! प्रत्येकीमागे कुणाचं तरी दुखणं आहे.

गोष्ट सुरू होते आगपेटीपासून. एकोणिसाव्या शतकात काडीच्या गुलात पांढरा फॉस्फरस असे आणि त्याच्या वाफेने कामगारांचे जबडे सडत. १९०६ च्या बर्न कराराने त्यावर बंदी आणली, भारतात १९१३ साली कायदा झाला. पुढे अंबरनाथला विम्कोचा कारखाना निघाला तेव्हा हे विष बाद झालेलं होतं.

फॉस्फरस परत आला तो औषध होऊन. बिस्फॉस्फोनेट्स आधी कारखान्यांच्या पाइपांत क्षार साचू नयेत म्हणून वापरत. १९६० च्या दशकात स्वित्झर्लंडच्या हर्बर्ट फ्लाइशला दिसलं की ती हाडाची झीजही रोखतात. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटतं, हाड खाणाऱ्या पेशी मोकाट सुटतात. त्यांना हे औषध आवरतं. १९९५ मध्ये अमेरिकेत अ‍ॅलेन्ड्रोनेटला मंजुरी मिळाली आणि १९९६ मध्येच अन्ननलिकेला जखमा झाल्याचे अहवाल आले. म्हणून ते उपाशीपोटी, पेलाभर साधं पाणी, अर्धा तास आडवं न होणं. (चहाबरोबर औषध नीट शोषलंही जात नाही.)

२००३ मध्ये मायामीच्या रॉबर्ट मार्क्सने जबड्याचं हाड मेलेले ३६ रुग्ण नोंदवले. शंभर वर्षांपूर्वीचंच दुखणं! पण त्यांतले बहुतेक कॅन्सरचे, शिरेतून मोठे डोस घेणारे. आठवड्याच्या गोळीने असं क्वचितच होतं. २०१० मध्ये मांडीच्या हाडाच्या विचित्र फ्रॅक्चरचा इशारा आला, तोही दुर्मिळ आणि मुख्यतः बरीच वर्षं औषध घेणाऱ्यांसाठी. म्हणूनच हल्ली काही वर्षांनी डॉक्टर फेरविचार करतात.

आत्याला एवढंच सांगितलं: जळजळीचं डॉक्टरांना सांग, पुढची गोळी त्यांना विचारूनच. दाढेच्या डॉक्टरला या गोळीचं नाव आधी दाखव. आणि परस्पर बंद करू नकोस, मनगटाचं लक्षात आहे ना?

"म्हंजे चहा अर्ध्या तासानं?" तिला बाकीच्यापेक्षा तेच जास्त लागलं होतं.